तिसऱ्या रात्री फोन कोण उचलणार? कॉस्मेटिक सर्जरीला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

मिरजेत प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात मी २२ वर्षं सिस्टर होते. आता निवृत्त होऊन सांगलीत विश्रामबागेत राहते, पण लोक काही सोडत नाहीत. भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मयताच्या घरी चहा घेतानासुद्धा हळूच कानाशी येऊन, "सिस्टर, नाकाचं किती घेतात हो?" पहिला प्रश्न पैशाचा, दुसरा किती दिवसांत दिसायला लागतं याचा. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, तो मीच विचारायला लावते. ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री अकरा वाजता टाक्यांतून पाणी यायला लागलं तर फोन कोण उचलणार?

तिसरीच रात्र का, तर पहिल्या रात्री तुम्ही दवाखान्यात असता, बेल दाबली की आमच्यातली कुणीतरी येते. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळतो. सूज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते. सोबतीला आलेली बहीण आपल्या गावी गेलेली असते, नवरा झोपलेला असतो, आणि आरशात दिसणारा चेहरा आपला वाटत नाही. बावीस वर्षांत रात्रपाळीला जे फोन घेतले, त्यांतले निम्मेअधिक याच रात्रीचे. बरेचसे नुसत्या भीतीचे असायचे, पण काही खरेच धावत आणावे लागतील असे असायचे. घरी बसून पेशंटला त्यातला फरक कळत नाही. म्हणून हा लेख, क्रमाने लिहिलेला.

१. काय खटकतंय ते एका ओळीत लिहा

"मला छान दिसायचंय" ही ओळ चालणार नाही. "उजव्या कानाची पाळी फाटलीय, झुबे घालता येत नाहीत." "बनियनमधून छाती दिसते म्हणून विहिरीवर पोहायला जात नाही." "दोन बाळंतपणांनंतर पोटाची कातडी लोंबते, वजन उतरूनही जात नाही." अशी ओळ लिहिता आली की सर्जनला काम करायला काहीतरी हातात मिळतं. दर महिन्याला ओळ बदलत असेल तर थांबा. आमच्याकडे एक मुलगी तिसऱ्यांदा नाक करून घ्यायला आली होती. आधीची दोन्ही ऑपरेशनं दुसरीकडे झालेली, आणि आम्हाला नाकात खोट दिसेना. सरांनी सुरी न उचलता तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. घरचे चिडले. मला सरांचं पटलं.

ती ओळ कुणी लिहिली हेही बघा. पाहुणे बघायला येणार म्हणून आई मुलीला घेऊन येते, सगळं आईच बोलते आणि मुलगी फरशीकडे बघत बसते. अशा वेळी चांगला सर्जन आईला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगतो. अठरा वर्षांखालच्या पोरांचं तर अगदी गरज असल्याशिवाय करूच नये, अंग अजून घडत असतं.

पैशाचं गणितही याच ओळीवर ठरतं. जन्मतः दुभंगलेला ओठ, भाजून आखडलेली मान, अपघातात गेलेलं नाक हे पुन्हा घडवणं झालं. त्यावर जीएसटी नाही, आणि सरकारी योजनेत किंवा विम्यात बसण्याची शक्यता असते. चौकशी करायलाच हवी. निव्वळ दिसण्यासाठी केलेलं मात्र विम्यात बसत नाही, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. सांगितलेला आकडा जीएसटी धरून आहे का, भूलतज्ज्ञाची फी, पट्टा, औषधं, टाके काढणं त्यात आहे का, हे कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं "पॅकेज" डिस्चार्जच्या दिवशी फुगतं.

प्लास्टिक सर्जरीत अंगात प्लास्टिक घालतात असं अजूनही कितीतरी लोकांना वाटतं. तो ग्रीक शब्द आहे, अर्थ घडवणं, कुंभार मडकं घडवतो तसं. आणि गंमत बघा, टिपूच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं नाक कापलं गेलं. पुण्यात एका वीटभट्टीवाल्या जातीच्या माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचं नाक करून मापाला घेतलं होतं म्हणे. १७९४ साली ही हकिगत लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली आणि तिकडच्या सर्जननी ती रीत उचलली. कपाळाच्या कातडीचं नाक आजही करतात.

२. कोणाकडे जायचं

सुरीचं काम असेल तर एमबीबीएस, त्यावर शस्त्रक्रियेचं शिक्षण, आणि त्यावर एमसीएच प्लास्टिक सर्जरी किंवा त्याच विषयातलं डीएनबी (आता त्याला डीआरएनबी म्हणतात). लेसर, पील (औषध लावून वरची कातडी सोलवणं), इंजेक्शनं यांसाठी त्वचारोगातलं एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा असलेले स्किनचे डॉक्टर किंवा प्लास्टिक सर्जन. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" एवढंच पाटीवर असेल तर आत जाऊन भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचा, कोर्स किती दिवसांचा होता ते बघा. डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत आहे का ते मोबाईलवर बघता येतं. नोंदणी क्रमांक विचारला म्हणून चिडणाऱ्या डॉक्टरकडून उठून यावं. केस लावण्याबाबत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्टच सांगितलं की नुसते व्हिडिओ बघून हे काम शिकता येत नाही. असं सांगायची वेळ यावी, यातच सगळं आलं.

मिरजेत डॉक्टरांची वाण नाही. १८९४ मध्ये वानलेस डॉक्टरांनी इथे मिशनचा दवाखाना उभारल्यापासून कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात. पण कॉस्मेटिकसाठी आपल्याकडची बरीच मंडळी पुण्या-मुंबईला जातात, नाहीतर महिन्यातल्या एका रविवारी बाहेरून येणाऱ्या सर्जनकडे करून घेतात. दोन्हीत गैर काही नाही. फक्त रविवारवाल्याला विचारा, सोमवारपासून मला कोण बघणार? नाव सांगितलं तर त्या स्थानिक डॉक्टरला आधी भेटून या. पुण्यात करणार असाल तर टाके निघेपर्यंत नाही, तरी पहिले तीन-चार दिवस तिथेच नातेवाइकाकडे राहा.

आणखी तीन प्रश्न. भूल कोण देणार, तो एमडी किंवा डीए झालेला भूलतज्ज्ञ आहे का? पूर्ण भूल असेल तर अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की कुठे? आणि हेच ऑपरेशन केलेल्या पेशंटचे एक वर्षानंतरचे फोटो दाखवता का? एक महिन्यानंतरचे फोटो सगळ्यांकडे असतात.

३. करतात काय, आणि काय बिघडू शकतं

सगळ्यांत साध्या कामापासून सुरुवात करते, कारण आपल्याकडे तेच जास्त होतं. कानाची पाळी. वर्षानुवर्षं जड वेल, झुबे घालून भोक ओघळत जातं आणि एक दिवस पोराने ओढलं की फाटतं.

पेशंट जागीच असते, गप्पा मारत. सर आधी पेनाने खूण करतात. बारीक सुईने पाळीत भुलीचं औषध सोडलं की पाच-दहा सेकंद चांगलंच झोंबतं, पाळी फुगून पांढरी पडते, मग काही कळत नाही. फाटलेल्या दोन्ही कडांवर कातडी येऊन त्या गुळगुळीत झालेल्या असतात. तशाच शिवल्या तर जन्मात जुळणार नाहीत. म्हणून दोन्ही कडांची कातडी दोऱ्याएवढी सोलून काढतात, रक्त पाझरायला लागलं की पुढून आणि मागून शिवतात, केसासारख्या नायलॉनने. पाळीच्या खालच्या कडेचा टाका घालताना आमचे सर बोलायचे थांबायचे. तिथे जरा इकडेतिकडे झालं की वण आक्रसतो आणि पाळीला खाच पडते. अर्ध्या तासात दोन्ही कान होतात. आठ-दहा दिवसांनी टाके निघतात. नवं भोक मात्र तीन महिन्यांनी, आणि वणाच्या शेजारी, वणावर नाही.

माझ्या डाव्या कानाला खाच आहे. सिस्टर असून. टाके निघाल्यावर पाचव्या आठवड्यात गौरी आल्या, सासूबाईंनी दिलेले मोत्यांचे झुबे कपाटात, आणि मी सोनाराकडून त्याच जागी टोचून आणलं. दिवाळीपर्यंत भोक लांबलं होतं. सरांनी बघितलं, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

"बिनटाक्याचे कान जोडून मिळतील" असे बोर्ड बाजारात, जत्रेत दिसतात. बहुतेक ठिकाणी ॲसिड लावून कडा भाजतात आणि चिकटवून ठेवतात. माझ्या जाऊबाईंनी करून घेतलं. पाळी महिनाभर काळी, नंतर अर्धी झडली, आणि शिवायला मांसच उरलं नाही. आणि एक, छातीवर, खांद्यावर किंवा कानाला टोचल्यावर तुमचा वण गाठीसारखा वाढत जात असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. त्याला किलॉइड म्हणतात, आणि नुसता कापून काढला तर तो पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येऊ शकतो.

मुलांची छाती. हे पेशंट डोक्यावर टोपी ओढून, मित्राला घेऊन येतात, घरी पोट दुखतंय म्हणून सांगितलेलं असतं. वयात येताना छाती थोडी वाढणं नेहमीचं आहे, बहुतेकांची दोनेक वर्षांत आपोआप ओसरते. नाही ओसरली तर आधी कारण शोधतात, काही औषधं, जिममधली इंजेक्शनं, दारूने खराब झालेलं यकृत, हार्मोन. मग चरबी नळीने ओढून काढतात आणि स्तनाग्राच्या काळ्या भागाच्या खालच्या कडेवर छोटा छेद देऊन कठीण गाठ काढतात. नुसती चरबी काढून गाठ ठेवली तर छाती टोकदार राहते, गाठ मुळापासून काढली तर तिथे बशीसारखा खड्डा पडतो. थोडी ठेवायची असते, किती ते सर्जनच्या हाताला कळतं. पहिल्या २४ तासांत एक बाजू अचानक टणक होऊन फुगली, दुसरीपेक्षा जास्त दुखायला लागली, तर आत रक्त साठतंय. सकाळपर्यंत थांबू नका. नंतर दाबाचं जॅकेट महिना-दीड महिना घालावं लागतं. सांगलीच्या मे महिन्यात ते अंगावर काय होतं हे मी सांगायला नको. थंडीत करा.

पोटाबद्दल सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे लायपोसक्शनने वजन उतरतं. नाही उतरत. जेवण कमी करून, चालून वजन आटोक्यात आल्यावरही एखाद्या जागी हटून बसलेली चरबी असते, तिच्यासाठी ते आहे. आधी सलाइनमध्ये भुलीचं औषध आणि रक्तवाहिन्या आकसवणारं औषध घालून ते कातडीखाली भरतात, त्यामुळे रक्तस्राव कमी होतो. मग तीन-चार मिलिमीटरच्या छेदातून नळी घालून ओढतात. एका वेळी साधारण पाच लिटरपर्यंत, त्याच्या पुढे धोका चढत जातो. "सात लिटर काढून देतो" असं कौतुकाने सांगणारा माणूस टाळा. कातडी सैल असेल तर चरबी गेल्यावर ती आणखी लोंबते. वर-खाली खड्डे पडणं, पाणी साठणं, महिनोन्महिने बधिर राहणं हे होतं. क्वचित आतड्याला नळी लागते किंवा चरबीचे कण फुफ्फुसात जातात. पहिल्या तीन दिवसांत धाप लागली, माणूस बरळायला लागला, किंवा पोट फुगून ताप आला तर थेट दवाखाना.

लोंबणाऱ्या कातडीचं ऑपरेशन वेगळं, त्याला टमी टक म्हणतात. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद, बाळंतपणात फाकलेले स्नायू मधोमध शिवून घट्ट करायचे, जादा कातडी कापायची, बेंबी नव्या जागी बसवायची. वण जन्माचा राहतो, परकराच्या नाडीखाली झाकेल एवढंच बघायचं. आठवडाभर वाकून चालावं लागतं, दोन्ही बाजूंना नळ्या असतात, त्यातलं पाणी मोजून वहीत लिहायचं. आणखी मूल हवं असेल तर आधी ते होऊ द्या. कॉस्मेटिक ऑपरेशनांपैकी यातच पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याची भीती जास्त, म्हणून आम्ही पेशंटला त्याच संध्याकाळी उठवून चालवायचो. शिव्या खायचो, पण चालवायचो.

नाकाचं थोडक्यात सांगते. आठ-दहा दिवस वर पट्टी, दोन आठवडे डोळ्यांखाली निळं, आणि शेंड्याची सूज उतरायला वर्ष. हो, वर्ष. सहा महिन्यांत "फसलं" म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे पळू नका. श्वास आधी कसा होता ते लिहून ठेवा, कारण चांगलं दिसणारं नाक कधी बंद पडलेलं असतं.

केसांचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण फसवणूक इथे जास्त आहे. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस टिकाऊ असतात, तेच एकेक मूळ काढून पुढे लावतात. एक तर मागून कातडीची पट्टी काढून तिचे तुकडे करतात, किंवा बारीक पोकळ सुईने एकेक मूळ उचलतात. दोन्हींत मागचा साठा मर्यादित. बाविसाव्या वर्षी पुढचं कपाळ भरून घेतलं आणि तिशीत मधलं टक्कल पडलं, तर पुढे एक बेट आणि मागे माळरान अशी गत होते, आणि भरायला केस उरत नाहीत. लावलेले केस दोन-चार आठवड्यांत गळतात. त्या वेळी फोन करून रडू नका, मूळ आत असतं. तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात, पूर्ण दिसायला वर्ष. हे काम सहा-आठ तास चालतं, भुलीचं औषध पुन्हा पुन्हा टोचतात, त्याचा हिशेब ठेवणारा डॉक्टर खोलीत हवा. अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला, झटके आले तर उपचाराची सोय नसलेल्या गाळ्यात डोकं देऊ नका. बायकांचे केस सगळीकडून विरळ होत असतील तर आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, लोह तपासा. कितीतरी जणींचं काम तिथेच होतं.

सुईची कामं पार्लरसारखी वाटतात, तिथेच गाफील राहतो आपण. बोटॉक्स स्नायू सैल करतं, आठवडा-दोन आठवड्यांत दिसतं, तीन-चार महिन्यांत उतरतं. चुकीच्या जागी गेलं तर पापणी खाली येते, काही आठवड्यांनी आपोआप वर जाते. फिलर वेगळं. ते भर घालतं, आणि चुकून रक्तवाहिनीत गेलं तर ती जागा पांढरीफटक पडते, मग जाळीदार निळसर, आणि दुखणं असह्य. नाकाजवळ किंवा भुवयांच्या मधे दिलेलं असेल तर दृष्टीसुद्धा जाऊ शकते. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर असेल तर ते विरघळवणारं औषध असतं, हायल्युरॉनिडेज. पैसे देण्याआधी विचारा, ते इथे, आत्ता, फ्रीजमध्ये आहे का? "मागवता येईल" हे उत्तर पुरेसं नाही.

चेहऱ्याच्या लेसरबद्दल एकच धरून ठेवा, आपली कातडी सावळी आहे. गोऱ्या कातडीवरचं सेटिंग आपल्यावर वापरलं तर भाजतं आणि वांग हटवायला गेलेली बाई काळे डाग घेऊन येते. आधी कानामागे किंवा जबड्याखाली एक ठिपका मारून बघायला सांगा. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांतून उन्हात काम करणाऱ्या बायकांनी छाटणीच्या हंगामात पील, लेसर काही करू नये. पावसाळ्यात करावं, आणि तरीही सनस्क्रीन लावावं. हनुवटीवरचे केस काढायला सहा-आठ बैठका लागतात. पाळी अनियमित असेल तर आधी पीसीओडीचं (बीजकोशांचं, हार्मोनचं दुखणं) बघा, नाहीतर केस येतच राहतात.

आणि ती ट्यूब. मेडिकलमधून कुणीही उठून आणतं, शेजारीण सांगते "आठ दिवसांत गोरी होशील". खरंच होते, कारण आत स्टेरॉइड असतं. सहा महिन्यांनी चेहरा लाल, पातळ, उन्हात आग होणारा, बारीक शिरा दिसणारा, आणि ट्यूब बंद केली की पुरळ. माझ्या मते पार्लर, लेसर, सुई या सगळ्यांपेक्षा आपल्या जिल्ह्यात चेहऱ्यांचं जास्त नुकसान या ट्यूबने केलंय. गोरं करणाऱ्या ग्लुटाथायोनच्या सलाइनवर तर एक रुपया घालवू नका.

४. तारीख धरण्याआधी

लग्नासाठी करायचं असेल तर मुहूर्तापासून उलटं मोजा. नाकाला वर्ष, पोटाला सहा महिने, फिलरला निदान महिना. तुळशीचं लग्न लागलं की दवाखान्यात "पंधरा दिवसांत करून द्या" अशी रीघ लागायची. नदीकाठच्या गावातले असाल तर जुलै-ऑगस्टची तारीख नको. २०१९ च्या पुरात नळ्या घातलेला पेशंट घेऊन कुठे जाणार होता?

आता तंबाखू. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, ओढून शिवलेल्या कातडीला रक्त पोचत नाही आणि तिची कड काळी पडून मरते. किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. आम्ही विचारायचो, "तंबाखू खाता का?" "छे छे, सिस्टर." दुसऱ्या दिवशी पहाटे उशीखालून मशेरीची डबी निघायची. बाईच्या लेखी मशेरी तंबाखूत धरतच नाहीत! पुढे पुढे मी विचारायचीच वेगळं, "सकाळी दात कशाने घासता?" तुम्ही न विचारता सांगा. दंड होत नाही, ऑपरेशन फक्त पुढे जातं.

ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी, वैद्याचे काढे, जिमच्या पावडरी, गर्भनिरोधक गोळ्या, सगळं पिशवीत घालून दाखवा. हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय स्वतःहून काहीच बंद करू नका. पूर्ण भूल असेल तर सहा तास आधी खाणं बंद. सकाळी "नुसता अर्धा कप चहा" घेऊन आलेल्या पेशंटचं ऑपरेशन आम्ही पुढे ढकललेलं आहे, कारण दुधाचा चहा जेवणात धरतात.

संमतीपत्र ऑपरेशन थिएटरच्या दारात सही करायचं नसतं. आदल्या दिवशी घ्या, मराठीत समजावून मागा. एका ऑपरेशनला दिलेली संमती दुसऱ्याला लागू होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे सांगितलंय. तेव्हा "आत गेल्यावर बघू" असं काही मान्य करू नका. आणि डिस्चार्ज कार्डावर जो रात्रीचा नंबर छापलाय, तो आधीच मागून घ्या आणि ऑपरेशनच्या आधीच्या एका रात्री लावून बघा. नाही उचलला तर तारीख पुढे घ्या.

५. घरी आल्यावर

पुण्याहून यायचं तर पाच तासांचा प्रवास. साताऱ्याला, कराडला गाडी थांबवून दहा मिनिटं चाला, पाणी प्या. पोटरी एकाच बाजूची सुजून दुखली, किंवा छातीत कळ येऊन दम लागला, तर घरी न जाता वाटेतल्या मोठ्या दवाखान्यात.

टाक्यांवर हळद लावू नका. सांगलीत राहून हे सांगणं म्हणजे धाडस, पण घरची हळद निर्जंतुक नसते, आणि तिच्या पिवळ्या थरात जखम लाल झालीय का हेच दिसत नाही. दुधातून प्या पाहिजे तर. भात खाल्ला की पू होतो, वांगं चालत नाही, आंबट नको, हे सगळं सासूबाई सांगणार. भांडू नका, पण पेशंटला नुसत्या पेजेवर ठेवू नका. जखम भरायला प्रथिनं लागतात. अंडी, मटकी, डाळ, दूध, खात असाल तर मटण.

सूज, निळेपणा, ओढल्यासारखं वाटणं, थोडं लालसर पाणी, रडू येणं हे पहिल्या आठवड्यात नेहमीचं. वाढत जाणारं दुखणं, वास येणारा पू, १०१ च्या वर ताप, एकाच बाजूची टणक सूज, काळी पडत चाललेली कातडी यासाठी फोन, रात्र असली तरी. फोटो काढून पाठवा, पण फोटोवर भागवू नका, बघायला बोलावलं तर जा.

वण पहिले तीन-चार महिने आणखी लाल, कठीण होतो, मग वर्षभर मऊ पडत जातो. टाके निघून जखम पूर्ण मिटली की डॉक्टरांना विचारून सिलिकॉन जेल, हलकी मालिश, आणि उन्हापासून झाकणं. फोटो दर महिन्याला एकाच खिडकीत, एकाच वेळेला काढा. बाथरूमच्या दिव्याखाली नाही.

६. बिघडलंच तर

पहिल्यांदा त्याच सर्जनकडे जा. चांगल्या हाताकडूनही काही ऑपरेशनं पुन्हा करावी लागतात, आणि कुठे काय कापलंय ते त्यालाच माहीत असतं. दुरुस्तीचं ऑपरेशन बहुतेक वेळा सहा महिने ते वर्ष थांबून करतात, तोवर कातडी सैल व्हावी लागते. दुरुस्तीची फी कोण देणार हे आधी ठरलं नसेल तर आता ठरवा.

दाद लागत नसेल तर आधी कागद. तुमचे केसपेपर मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि अर्ज केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. तक्रार मेडिकल कौन्सिलकडे करता येते, भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत. दुसऱ्या सर्जनचं लेखी मत जोडा. केसपेपर मागायला जाताना चार माणसं घेऊन काउंटरवर ओरडायला जाऊ नका, तिथली पोरगी नोकरी करते. अर्ज दोन प्रतींत लिहा, एक द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या.